इअरफोनांचा अबोला

चो काकूंना सगळं हवं होतं. आणि सगळं म्हणजे अगदी सगळं! एक फोन नाही, फोनांचा ढीग. एक चार्जर नाही, चार्जरांचा ढीग. आ-यिनचा मामा वहीत लिहून घेता घेता थांबला, त्याने चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, "ताई, सहसा लोक एक फोन नेतात, एक टॅब नेतात. फार तर एखादी मसाजची खुर्ची."

"सहसा लोकांचे नवरे माझ्या नवऱ्यासारखे नसतात," काकू म्हणाल्या.

ते मात्र खरं होतं. चो वाय-पांग यांना शाम शुई पोच्या वस्तीत कोण ओळखत नव्हतं? बाजाराच्या रस्त्यावर तीस वर्षं त्यांची फोन दुरुस्तीची टपरी होती, आणि त्या टपरीत जे मावायचं नाही ते घरी जायचं. मेलेले फोन, अर्धमेले फोन, रिमोट, कॅमेरे, दोन प्रिंटर, कोणीतरी टाकून दिलेला ड्रोन. घर तरी केवढं, दोन खाटा टाकल्या की संपलं! काकू खाटेवर बसून जेवायच्या, कारण टेबलावर घड्याळं उघडून ठेवलेली असायची. मागच्या वर्षी ते गेले. महिन्याभरात काकूंनी भंगारवाल्याला बोलावलं आणि सगळं देऊन टाकलं.

"चौदा पोती निघाली," काकू म्हणाल्या. "गाडीत भरली, गाडी वळली, आणि मला वाटलं, अगं बाई, विचारलंच नाही मी त्यांना! तेव्हापासून जेवण जात नाही नीट. म्हणून म्हणते, परत करायचंय. जसं नेलं तसं. ढिगाने."

मामाचं दुकान अशाच कामाचं. कागदाचं. बांबूच्या कामट्या, पुठ्ठा, रंगीत कागद आणि खळ. त्यातून घरं होतात, गाड्या होतात, कोट होतात, आणि आता फोनही होतात, कागदाच्या वायरीसकट. थडग्यापाशी नाहीतर अस्थींच्या कपाटापाशी नेऊन जाळायचं, की ज्याचं त्याला पोचतं. आता कसं पोचतं ते मामाला विचारायचं नाही. पण का पोचत नाही ते मात्र मामा दिवसभर सांगू शकतो. पुड्याच्या तोंडावर लाल पट्टी असते, पट्टीच्या मधोमध ज्याला द्यायचं त्याचं नाव, कडेला पाठवणाऱ्याचं. मधलं नाव नसलं की संपलं. पलीकडच्या दारातच भटकी भुतं टपलेली असतात, ज्यांना कोणी काही पाठवत नाही अशी. बिननावाचा पुडा दिसला की ती लुटतात. एकतीस वर्षांत मामाच्या दुकानातून बिननावाचा एक पुडा गेलेला नाही, आणि हे मामा गिऱ्हाइकाला सांगतो, दूधवाल्याला सांगतो, विम्याचा माणूस आला तर त्यालाही सांगतो.

आणि म्हणूनच त्या सोमवारी त्याने पट्ट्या लिहायची कुंचली आ-यिनच्या हातात दिली तेव्हा तिचा कानांवर विश्वासच बसेना. तेवीस वर्षांची पोर, दीड वर्षं दुकानात फक्त खळ लावतेय आणि कागदी चप्पल चिकटवतेय, आणि मामा म्हणतो, "चो बाईंच्या पट्ट्या तू लिही. अक्षर बरं आहे तुझं. पण पोरी, नाव चुकलं तर मी तुला ओळखत नाही."

"मामा, मी तुमच्या बहिणीची मुलगी आहे."

"तिलाही ओळखणार नाही."

आता काम बघा केवढं! काकूंना गुरुवारी सकाळी सगळं न्यायचं होतं, कारण पहिल्या वर्षाची भेट लवकर असते. बाकीचे लोक एप्रिलात आरामात जातात, पण ज्याला जाऊन वर्षही झालं नाही त्याच्याकडे वसंतातला तो एक ठरलेला दिवस उलटायच्या आत जायचं. उलटला की उलटला. आणि यंदा तो ठरलेला दिवस गुरुवारीच होता. म्हणजे मंगळवार आणि बुधवार, दोनच दिवस, आणि माणसं दोन. आ-यिन आणि तिचा मामेभाऊ शिऊ-फुंग, ज्याला ती दादा म्हणते, पण मान मुळीच देत नाही.

मंगळवारी दुपारपर्यंत चाळीस फोन झाले. जमिनीवर फोनच फोन, पाय ठेवायला जागा नाही. आ-यिन फतकल मारून बसली होती, नाकाला खळ लागलेली, आणि एकदम म्हणाली, "दादा, पक्ष्यांचा थवा असतो. गुरांचा कळप असतो. मग फोनांचं काय असतं?"

"दुकान असतं."

"अरे तसं नाही! आपल्या बोलीत बघ ना, छत्री मोजायला आकड्यापुढे वेगळा शब्द, मासा मोजायला वेगळा, टोपीला वेगळा. आणि या बिचाऱ्या यंत्रांना सगळ्यांना मिळून एकच. फोनला तोच, पंख्याला तोच. अन्याय नाही का?"

"मोठ्ठा अन्याय. मोर्चा काढ."

"चाळीस फोन एका ठिकाणी ठेवले तर काय होईल?"

फुंगदादाने कात्री खाली ठेवली. "सगळे एकदम वाजतील."

"गलका!" आ-यिन ओरडली. "फोनांचा गलका!"

झालं, मग काय, सुटलीच दोघं. चार्जरांचा गुंता तर आपोआपच आला, त्याला डोकं लागलंच नाही. पॉवर बँकांना काय म्हणायचं यावर अर्धा तास गेला. फुंगदादा म्हणे पॉवर बँकांचं ओझं, कारण त्याच्या बॅगेत तीन असतात. आ-यिन म्हणाली, छे, अडीअडचणीला धावून येतात बिचाऱ्या, पॉवर बँकांची माया. रिमोट सोफ्याच्या फटीत एकमेकांशेजारी पडून असतात पण एकाचं दुसऱ्याशी जमत नाही, म्हणून रिमोटांची भाऊबंदकी. दारावरच्या कॅमेऱ्यांचा संशय. मनगटावरच्या घड्याळांची भुणभुण, ऊठ, चाल, पाणी पी, श्वास घे, अरे घेतोय ना बाबा! ड्रोनांचा चोंबडेपणा.

"आणि प्रिंटरांचा?" फुंगदादाने विचारलं.

"रुसवा," आतून मामाचा आवाज आला.

दोघांनी जिभा चावल्या. मामा पडद्याआड हिशेबाला बसला होता आणि त्याला ऐकू येत नाही अशी यांची समजूत होती.

"कागद आहे म्हणतं तरी कागद मागतं," मामा म्हणाला. "रुसवाच तो. आणि हात चालवा, तोंडं पुष्कळ चालली."

इअरफोन शेवटी राहिले. बुधवारी संध्याकाळी चहाच्या दुकानात दोघं दुधाचा चहा प्यायला बसली होती, तो पिता पिता आ-यिनने समोरच्या बाकावर बसलेल्या चार जणांकडे बघितलं. चौघं एका घरचे, एकाच टेबलावर, चौघांच्या कानात बोंडं, आणि कोणी कोणाशी एक अक्षर बोलत नव्हतं. ती म्हणाली, "इअरफोनांचा अबोला." फुंगदादा हसला नाही. नुसतं म्हणाला, "हे भारी आहे."

आता नीट ऐका, कारण घोटाळा इथे झाला. नऊ पुडे झाले, एकसारखे, एकाच मापाचे, सुतळीने बांधलेले. आत काय आहे ते बाहेरून कळायला काही मार्ग नाही, आणि काकूंनी तर क्रम सांगितला होता, आधी फोन, मग चार्जर. म्हणून आ-यिनने खुणेपुरत्या नऊ पट्ट्या केल्या. हाताशी लाल पट्ट्याच होत्या, कुंचलीही तीच, मग त्याच पट्ट्यांवर मधोमध लिहिलं, फोनांचा गलका, चार्जरांचा गुंता, आणि पुड्यांच्या तोंडावर खळीचा एकेक ठिपका लावून डकवल्या. आणि खऱ्या पट्ट्या, चो वाय-पांग यांच्या नावाच्या, तिने जीव ओतून लिहिल्या, एकेक रेघ श्वास धरून, आणि वाळायला वरच्या फळीवर पंख्याखाली ठेवल्या. सकाळी डकवू, म्हणाली. ओल्या लावल्या तर शाई पसरते. यात चूक काय होती? काहीच नव्हती! सकाळी साडेआठला काकूंचा जावई येणार, ही आठला येऊन पट्ट्या लावणार, सगळं ठरलेलं.

जावई साडेसातला आला.

अस्थींची कपाटं फानलिंगच्या टेकडीवर, वाटेत गर्दी होईल म्हणून लवकर निघाला, आणि गाडी रस्त्यात उभी केलेली, मागून बस भोंगा वाजवतेय. फुंगदादा अजून आलेला नाही. मामा चष्मा शोधतोय. मामाने पुडे बघितले, लाल पट्ट्या बघितल्या, काळं अक्षर बघितलं, सगळं जागच्या जागी. दिले उचलून. जावयाने टाकले डिकीत. पट्टीवरचं वाचतं कोण? लाल आहे ना, मग झालं.

आठला आ-यिन दोन गोड अननस-बन घेऊन शिट्टी वाजवत आली. "मामा, पुडे कुठे ठेवलेत?"

"गेले. पोचलेही असतील अर्ध्या वाटेवर, ताय पोपर्यंत."

तिने वर फळीकडे बघितलं. नऊ पट्ट्या पंख्याच्या वाऱ्यावर हलत होत्या. सुंदर वाळल्या होत्या.

एक बन हातातून सुटला, दुसरा तिने गल्ल्यावर टाकला. मामाला सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण मामा गिऱ्हाइकाशी बोलत होता, आणि काय बोलत होता तर एकतीस वर्षं. "एकतीस वर्षांत एक पुडा..." तिने तोंड मिटलं. फळीवरच्या पट्ट्या काढल्या, फायलीत घातल्या, खळीची बाटली, कुंचलीचं पेन आणि उरलेला लाल कागद पिशवीत टाकला, आणि दारात फुंगदादा व्हॅन लावत होता तिथे जाऊन व्हॅनमध्ये बसली.

"चल."

"कुठे?"

"फानलिंग. चल ना! काकूंच्या नवऱ्याचे सगळे फोन भुतं नेणार आहेत!"

दोन मिनिटांत फुंगदादाला सगळं कळलं, आणि तो असा काही पांढरा पडला की आ-यिनला आणखीच भीती वाटली. कारण दादा एरवी कशालाच घाबरत नाही. "म्हणजे," तो म्हणाला, "पुड्यावर घेणाऱ्याचं नाव आहे... चार्जरांचा गुंता?"

"हो."

"मग तो कुणाकडे जाईल?"

"मला काय विचारतोस! गाडी चालव!"

फोन करून थांबवावं तर काकूंचा नंबर घरातला. आ-यिनने लावला, लावला, लावला. वाजत राहिला रिकाम्या घरात. काकू स्वतःजवळ फोन बाळगतच नाहीत! घरात चौदा पोती होती, पण काकूंचा एक नाही. वहीत जावयाचा नंबर लिहिला असेल, पण वही मामाकडे.

"मामाला फोन कर," फुंगदादा म्हणाला.

"नाही."

"येडे, फोन कर."

"दीड वर्षाने कुंचली मिळाली दादा. तीन दिवस झाले मिळून!"

फुंगदादाने नुसता भोंगा वाजवला. ताय पोच्या पुढे गाड्यांची ही रांग. पहिल्या वर्षाचे सगळे तिकडेच निघालेले, गाड्यांच्या मागच्या काचेतून फुलं दिसतायत, डुकराचं भाजलेलं अख्खं पिल्लू लाल कागदात गुंडाळलेलं दिसतंय. आ-यिन मांडीवर फाइल धरून बसलेली आणि तोंडाने अखंड चालू, "थांबा काकू, थांबा, थांबा, आधी फळं मांडा, आधी उदबत्ती लावा, सावकाश नमस्कार करा..."

"आणि एक," फुंगदादा म्हणाला. "भट्टीला आज रांग असणार. तासभर तरी."

"खरंच?"

"खरंच. आज पहिल्यांदा रांगेचा आनंद होतोय मला."

टेकडीच्या पायथ्याशी व्हॅन सोडली आणि पायऱ्यांवरून अशी धावली ती, की वर पोचेपर्यंत बरगडीत कळ आली. अस्थींच्या कपाटांच्या भिंती, त्यांच्यापुढे माणसं, संत्र्यांचे ढीग, धूर, पोरांची रडारड. पलीकडे भट्ट्या. आणि भट्टीच्या रांगेत, रांगेत कसल्या, रांगेच्या तोंडाशी, पांढऱ्या स्वेटरात चो काकू! शेजारी त्यांची मुलगी, जावई गाडी लावायला गेलेला. जाळीची गाडी पुड्यांनी भरलेली. आणि भट्टीचा माणूस लांब आकडी घेऊन एक पुडा आत ढकलतोय.

"थांबा!" आ-यिन ओरडली. "काका, थांबा! पत्ता चुकलाय!"

सगळी रांग वळून बघायला लागली. भट्टीवाल्याची आकडी हवेतच राहिली. आ-यिनने गाडीतले पुडे मोजले. सात. परत मोजले. सातच.

"दोन गेले?"

"दोन गेले," भट्टीवाला म्हणाला. "का, बॉम्ब होता का आत?"

मग तिने सांगितलं. सगळं एका दमात, खेळ, खुणेच्या पट्ट्या, वाळत ठेवलेल्या खऱ्या, साडेसात, सगळं. काकूंची मुलगी ऐकता ऐकता लाल होत गेली. "म्हणजे माझ्या बाबांच्या नावाने तुम्ही गंमत करत होतात? मेलेल्या माणसाच्या सामानावर? आणि आज शेवटचा दिवस आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, ताई."

"काय माहीत आहे! आई इतके महिने..."

"थांब गं," काकू म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं, असं आ-यिनला वाटलं. त्या नुसत्या भट्टीच्या तोंडाकडे बघत होत्या, जिथे दुसऱ्या पुड्याची सुतळी अजून लाल होऊन वळत होती. "मग ते दोन कुणाला गेले?" त्यांनी विचारलं. "परत कुणीतरी घेऊन गेलं ना? त्यांना न विचारता?"

याचं उत्तर एकाच माणसाकडे होतं. तिने फोन काढून नंबर लावला, तोवर फुंगदादाही धापा टाकत वर आला.

"मामा," ती म्हणाली. "चो काकूंचे पुडे मी नाव न लावता दिले. म्हणजे मी दिले नाहीत, पण माझ्यामुळे. सात वाचलेत. दोन गेले."

पलीकडून दुकानातल्या पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"पुडे मी दिले हातात," मामा म्हणाला. "वाचले नाहीत." मग वही ओढल्याचा आवाज. "कुठले दोन गेले?"

तिने गाडीतले पुडे बघितले. पुडे रचताना काकूंचा क्रम जावयाला कोणी सांगितलाच नव्हता, वरचे होते ते आधी गेले होते. "इअरफोन. आणि प्रिंटर."

"पट्ट्या काय होत्या त्यांच्यावर? जसंच्या तसं सांग."

"मामा, राहू दे ना..."

"सांग."

भर रांगेत, भट्टीच्या तोंडाशी, काकूंच्या आणि त्यांच्या मुलीच्या समोर तिला म्हणावं लागलं, "इअरफोनांचा अबोला. प्रिंटरांचा रुसवा."

"बरं झालं," मामा म्हणाला.

"काय?"

"अगं, कोऱ्या पट्ट्या असत्या तर मी काय करणार होतो? सकाळपासून त्या टेकडीवरून हजार पुडे गेले असतील, त्यातले दोन कसे ओळखायचे? पण प्रिंटरांचा रुसवा तिथे दुसऱ्या कुणाकडे असणार आहे? लाल कागद आहे का जवळ?"

"आहे."

"मग घे लिहून. टपाल चुकलं की आपण काय करतो? मागोमाग पत्र टाकतो. लिही."

आणि आ-यिन तिथेच खाली बसली, फाइल गुडघ्यावर, आणि मामा सांगत गेला तसं लिहीत गेली. फुंगदादाने स्पीकर लावून फोन तिच्या तोंडाशी धरला होता. मामा सरकारी कागद सांगावा तसा सांगत होता, आणि ती एकेक ओळ मोठ्याने म्हणत होती, नाव चुकू नये म्हणून.

"आज सकाळी फानलिंगच्या भट्टीतून दोन पुडे मालकाचं नाव नसताना निघाले आहेत. एकावर इअरफोनांचा अबोला अशी पट्टी आहे. दुसऱ्यावर प्रिंटरांचा रुसवा. दोन्ही पुडे चो वाय-पांग यांचे आहेत. ज्याला सापडतील त्याने ते चो यांच्याकडे पोचवावेत. इतर कोणी हात लावू नये. चूक दुकानाची आहे, चो यांची नाही."

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. आ-यिनने वर बघितलं. चो काकू! त्यांनी तोंडावर हात धरला होता, पण खांदे हलत होते.

"अबोला," काकू म्हणाल्या. "अबोला काय! अगं, तीस वर्षं! तीस वर्षं मी बोलतेय, आणि हा माणूस कानात बोंडं घालून स्क्रू फिरवतोय आणि मान हलवतोय. मी म्हणते भात करपला, मान हलवली. मी म्हणते घराला आग लागली, मान हलवली! तुला कुणी सांगितलं हे?"

"कुणीच नाही काकू. चहाच्या दुकानात चार जण बसले होते."

"आई," मुलगी म्हणाली, "तू हसतेयस?"

"मग काय करू? वाच ना तू बाकीच्या!" आणि काकू जाळीच्या गाडीवर वाकल्या, एकेक पुडा फिरवून वाचायला लागल्या. रिमोटांच्या भाऊबंदकीला त्यांना ठसका लागला. "आणि ही घड्याळं! टेबलभर! रात्रंदिवस भुणभुण!" मुलगी आधी तोंड घट्ट मिटून उभी होती, पण ड्रोनांच्या चोंबडेपणापाशी तिचंही हसू सुटलं, कारण बाबांनी तो ड्रोन एकदा उडवला होता तो थेट समोरच्या इमारतीतल्या बाईच्या वाळत घातलेल्या कपड्यांत गेला होता, आणि ती बाई तीन महिने बोलली नव्हती. हे सांगता सांगता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते कुठल्या प्रकारचं होतं ते तिलाही कळत नसावं.

"ताई," भट्टीवाला म्हणाला, "मागचे लोक थांबलेत."

"थांबू देत की!" रांगेतून एक आजोबा म्हणाले. "कॅमेऱ्यांचं काय लिहिलंय ते मला ऐकू आलं नाही."

"संशय, आजोबा!"

"हां, बरोबर."

आ-यिनने फाइल उघडली, खऱ्या पट्ट्या काढल्या आणि पहिल्या पुड्यावरची खुणेची पट्टी सोलायला नख घातलं. काकूंनी तिचा हात धरला.

"ती राहू दे. त्यांचं नाव खाली लाव."

"पण काकू, मधोमध नाव हवं. नाहीतर..."

फोनमधून मामाचा आवाज आला. तो अजून लाइनवरच होता! "नाव मधोमध. वरचं थोडं वर सरकव. जागा आहे तेवढी."

मग सातही पुड्यांवर पट्ट्या लागल्या. वर फोनांचा गलका, मधोमध चो वाय-पांग. आ-यिनने प्रत्येक पट्टी तीन तीनदा वाचली, फुंगदादाने एकदा वाचली, काकूंच्या मुलीने एकदा, आणि त्या आजोबांनीही रांग सोडून येऊन वाचली. दोन पट्ट्या उरल्या, गेलेल्या पुड्यांच्या. त्या मामाने सांगितलं तशा पत्राला जोडल्या. आणि आधी पत्र गेलं.

लाल कागद क्षणभर तसाच राहिला, मग एका कडेने वळला, आणि भुर्रकन वर ओढला गेला, इतका सरळ, की भट्टीवाला म्हणाला, "गेलं बघा." तो हे रोजच म्हणत असणार, पण आ-यिनचा जीव तेव्हा कुठे भांड्यात पडला. मग फोन, मग चार्जर, काकूंनी सांगितलेल्या क्रमाने. पॉवर बँकांची माया आत गेली तेव्हा ज्वाळा जरा मोठी आली.

काकू भट्टीच्या अगदी जवळ गेल्या. मुलीने मागे ओढलं तरी गेल्या.

"घ्या हो तुमचा ढीग," त्या आत बघून म्हणाल्या. "मोजून घ्या. आणि तिकडे तरी जेवायचं टेबल मोकळं ठेवा."

मग त्या वळल्या आणि म्हणाल्या, "भूक लागली."

मुलीने एकदम त्यांच्याकडे बघितलं आणि ती लगबगीने भाजलेल्या डुकराचा डबा उघडायला गेली. काकू कठड्यावर बसल्या आणि खाल्लं त्यांनी! कुरकुरीत कातड्यासकट, दोन तुकडे, मग तिसरा. आ-यिनच्याही हातात एक कोंबला. ती तिथेच जमिनीवर फतकल मारून बसली आणि तेलकट हाताने खात राहिली. फुंगदादा संत्रं सोलत होता आणि काकूंना सांगत होता की पॉवर बँकांना ओझं म्हणायला हवं होतं, पण या बाईसाहेब ऐकतील तर ना.

"माया बरोबर आहे," काकू म्हणाल्या, तोंडात घास.

"आ-यिन," फोनमधून आवाज आला. तो कठड्यावर तसाच पडला होता. "झालं का?"

"झालं, मामा. सगळं गेलं. नावासकट."

"वाचलं?"

"तीनदा."

"हं." मग मामा म्हणाला, "येताना बन घेऊन या. इथे एक खाली पडलाय, आणि दुसरा मी खाल्लाय. आणि लवकर या, लाऊ बाईंना त्यांच्या सासऱ्यांसाठी पट्ट्या हव्यात दुपारपर्यंत, आणि माझं अक्षर त्यांना आवडत नाही."